पाडव्याच्या संध्याकाळची जळती रेघ: सिंदेवाही प्रकरणाचा तपास

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ, मराठवाडा, खानदेश, पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात एवढ्या पट्ट्यातल्या लोकांनी आकाशात जळत जाणारी एक रेघ पाहिली. पुढे ठळक ठिपके, मागे लांब शेपट्या, सगळं एकाच दिशेला आणि एकाच चालीनं. सणामुळे माणसं अंगणात आणि गच्चीवर होती, प्रतिपदा असल्यानं चंद्राच्या उजेडाचा अडथळा नव्हता, आकाश बऱ्याच ठिकाणी निरभ्र होतं. त्यामुळे या घटनेचे व्हिडिओ ढिगानं मिळाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक मोठं कडं पडलेलं सापडलं. व्यास अडीच ते तीन मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. त्याच तालुक्यात पवनपारजवळ धातूचा गोळाही मिळाला.

तपासणाऱ्याच्या दृष्टीनं हे प्रकरण दुर्मिळ आहे. आकाशातल्या अनोळखी उजेडाच्या बहुतेक तक्रारींत हाताला काहीच लागत नाही. साक्षीदार असतो आणि त्याची आठवण असते. इथे उजेड, व्हिडिओ आणि जमिनीवरची वस्तू, तिन्ही मिळालं. म्हणून नुसत्या उजेडावरून कितपत पोहोचता येतं, हे वस्तूशी ताडून पाहता येतं. बरंच पोहोचता येतं, पण प्रश्न नेमके विचारले तरच.

आधी काय पाहिलं, मग ते काय होतं

पहिल्या तासाभरात या रेघेला चार-पाच नावं मिळाली: उल्का, उल्कावर्षाव, पेटलेलं विमान, क्षेपणास्त्र. तक्रार नोंदवताना हे नाव कागदावर पहिल्या ओळीत आलं की पुढचं सगळं निवेदन त्या नावाला साजेसं होत जातं. ‘विमान पेटलं होतं’ असं एकदा म्हटलेल्या माणसाला थोड्या वेळानं आवाजही आठवतो. म्हणून जबाब घेताना नाव बाजूला ठेवायचं आणि पाच गोष्टी काढायच्या: घड्याळातली वेळ, किती सेकंद दिसलं, कुठून दिसायला लागलं, कुठे दिसेनासं झालं, आणि सगळ्यात उंच असताना क्षितिजापासून किती वर होतं. रंग विचारावा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. मोबाइलचा कॅमेरा रात्री रंग स्वतःच्या मर्जीनं लावतो. ‘किती उंचावर होतं, किती मोठं होतं’ हे विचारण्यात तर अर्थच नाही. अंधारात ज्याचा आकार माहीत नाही त्याचं अंतर डोळ्याला कळत नाही, आणि अंतर कळलं नाही तर आकारही कळत नाही.

‘आमच्या शेताच्या मागेच पडलं’ हे वाक्य अशा प्रत्येक प्रकरणात येतं. माणूस खोटं बोलत नसतो. ८० किलोमीटर उंचीवरची जळती वस्तू क्षितिजापासून १० अंशांवर दिसत असेल, तर ती जमिनीवरून मोजलं तर सुमारे ३८० किलोमीटर लांब असते. २० अंशांवर असेल तर २०० च्या थोडी पुढे. झाडांच्या शेंड्यामागे गेलेला उजेड शेतात पडल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात तो दुसऱ्या जिल्ह्यावर, कधी दुसऱ्या राज्यावर असतो.

कोन मोजायला महागडं काही लागत नाही. हात पूर्ण लांब केला की आवळलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी १ अंश आणि ताणलेली वीत २० अंशांच्या आसपास. साक्षीदाराला घरात बसवून विचारू नये. जिथून पाहिलं तिथेच, शक्यतो त्याच वेळी, उभं करायचं आणि हातात काठी देऊन रेघ जशी गेली तशी काठी फिरवायला सांगायची. आकडा विचारला की लोक उंची वाढवून सांगतात, ३० अंश असेल तर ४५ म्हणतात. काठी धरली की ही चूक बरीच कमी होते. काठीच्या दिशेनं मोबाइलमधलं होकायंत्र धरताना मोटारसायकल, पत्र्याची शेड, लोखंडी कठडा यांच्यापासून चार पावलं दूर जावं, नाहीतर सुई सहज १५-२० अंश भरकटते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्या आत आहे. या कामासाठी तो सोडून दिला तरी चालतो.

आकाश ओळखणारा साक्षीदार भेटला तर सोन्याहून पिवळं. गावाकडे मृग आणि व्याध ओळखणारी माणसं अजून आहेत. त्या संध्याकाळी पावणेआठला मृग पश्चिमेकडे कललेला होता आणि व्याध दक्षिणेच्या थोडा पश्चिमेला, सुमारे ४५ अंशांवर. ‘व्याधाच्या वरून गेलं की खालून?’ या एका प्रश्नाचं उत्तर होकायंत्राच्या दहा नोंदींपेक्षा भरवशाचं.

व्हिडिओची वेळ

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेल्या व्हिडिओतून मूळ वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून गेलेली असते. फाइलच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे दिसले तर ती तारीख व्हिडिओ मिळाल्याची, काढल्याची नव्हे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइलच्या नावात तारखेपुढे तास, मिनिट, सेकंद असे सहा आकडे असतात. म्हणून काढणाऱ्या माणसाकडूनच मूळ फाइल घ्यावी, तीही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगून.

सीसीटीव्हीचा प्रश्न वेगळा. चित्र स्थिर असतं, पार्श्वभूमीला खांब आणि छपराची कड असते, म्हणजे कोन काढायला उत्तम. पण घड्याळ मात्र बहुधा चुकीचं. दुकानातल्या रेकॉर्डरचं घड्याळ सात मिनिटं पुढे किंवा दोन तास मागे असणं अगदी नेहमीचं. रेकॉर्डरच्या पडद्यावरची चालू वेळ आणि नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल, दोन्ही एकाच फोटोत घ्यायचे. फरक मिळतो, तो वजा करायचा. हा फोटो दोन-तीन दिवसांच्या आत घ्यावा. उशीर झाला तर मध्येच कुणीतरी घड्याळ ‘दुरुस्त’ करून ठेवतं.

काय नव्हतं

दिसण्याचा कालावधी हाती आला की निम्मी नावं गळून पडतात. उल्का वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं शिरतात. मोठा अग्निगोलसुद्धा काही सेकंदांत विझतो. अगदी सपाट कोनातून शिरलेली एखादी उल्का क्वचित जास्त वेळ टिकते, पण एकामागोमाग एक, समांतर, सावकाश जाणारे ठिपके ही तिची ओळख नव्हे. इथले व्हिडिओ तर आरामात दिशा बदलून, शेजाऱ्याला हाका मारून, पुन्हा कॅमेरा रोखून काढलेले. एवढी फुरसत उल्का देत नाही. उल्कावर्षावाचं नाव तर पंचांग पाहूनच खोडता येतं. एप्रिलमधला लायरिड वर्षाव महिन्याच्या मध्यानंतर सुरू होतो आणि २२ तारखेच्या आसपास भरात येतो. शिवाय वर्षावातल्या उल्का एक-एक करून रात्रभर पडतात, झुंडीनं ओळीत जात नाहीत.

शुक्र हा अशा तक्रारींतला नेहमीचा आरोपी. पण एप्रिल २०२२ मध्ये तो पहाटेच्या आकाशात होता, त्यामुळे लगेच सुटला.

उपग्रहाचं काय? सूर्य मावळून सव्वा तास झाला होता. त्या वेळी विदर्भात डोक्यावर साधारण सव्वातीनशे किलोमीटरच्या खाली जे काही असेल ते पृथ्वीच्या सावलीत होतं. त्यावर सूर्याचा उजेड पडणं शक्य नव्हतं. पाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहावर शक्य होतं. म्हणजे फिरता उपग्रह किंवा स्टारलिंकची माळ, म्हणजे एकत्र सोडलेल्या इंटरनेट-उपग्रहांची रांग, त्या वेळी दिसू शकली असती. पण स्टारलिंकचे ठिपके मण्यांसारखे सुटे आणि शांत असतात, शेपूट सोडत नाहीत, तुटत नाहीत. या रेघेतले तुकडे आपापसांत हळूहळू मागे-पुढे होत होते. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या वजनाचे भाग हवेनं वेगवेगळे रोखले जात आहेत, याची ही खूण. उजेड स्वतःचा, वेग उल्केपेक्षा बराच कमी, तुकडे होत जाणारे: कक्षेतून खाली आलेल्या मानवी वस्तूचंच हे वर्णन.

विमान वगळायला आणखी सोपं. एकच वस्तू नागपूरच्या आणि गुजरातच्या लोकांना एकाच वेळी दिसायची तर ती दहा किलोमीटरवर असूच शकत नाही.

फसवा धागा

‘कुणाचं तरी रॉकेट’ इथवर आल्यावर पहिली चूक झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडच्या माहिया इथून इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं. उड्डाण आणि रेघ यांत साधारण ९५ मिनिटांचं अंतर. जवळच्या कक्षेत एक फेरी व्हायला दीड तास लागतो, म्हणजे आकडा किती छान जुळतो! त्यामुळे सुरुवातीला काही जाणत्यांनीही हेच नाव घेतलं.

पण वेळ जुळणं हा पुरावा फार कमकुवत असतो. जगात कुठून ना कुठून वरचेवर रॉकेट उडतं. ‘आज काही उडालं का’ असं शोधलं की काहीतरी सापडतंच. शोधायचं असतं ते ‘आज काय खाली येणार होतं’. इलेक्ट्रॉनचा पहिला टप्पा, म्हणजे इंधन संपल्यावर सुटणारा खालचा भाग, काही मिनिटांत न्यूझीलंडजवळच्या समुद्रात पडतो. आणि मुख्य म्हणजे इलेक्ट्रॉनचा व्यास सगळा मिळून १.२ मीटर. लाडबोरीचं कडं त्यात बसतच नाही. उलट ते रॉकेटच त्या कड्यातून आरपार जाईल. एका टेपनं हा धागा तुटतो.

इथे एक बारीक गोष्ट. पडलेलं कडं वाकलेलं, तुटलेलं असेल तर व्यास थेट मोजता येत नाही. मग चांगल्या राहिलेल्या भागावर सुतारासारखं मोजायचं. एक मीटर लांबीची सरळ पट्टी कड्याच्या आतल्या बाजूनं दोन टोकांना टेकवायची आणि पट्टीच्या मध्यापासून कड्यापर्यंतची खोली पाहायची. व्यास ३ मीटर असेल तर ती साडेआठ सेंटीमीटरच्या जवळ येते, १.२ मीटर असेल तर जवळपास २७. दोन्हींत गोंधळ होण्याची शक्यताच नाही. तीन वेगळ्या ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, कारण आपटलेला भाग सपाट झालेला असतो.

काय होतं

हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्याच दिवशी नाव दिलं: चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, अनुक्रमांक वाय७७, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. तो त्याच सुमारास वातावरणात शिरणं अपेक्षित होतं आणि त्याची वाट या दृश्यांशी जुळत होती.

हे रॉकेट चीनमधल्या शिचांग तळावरून उडतं आणि भूस्थिर कक्षेकडे जाणारे उपग्रह लांबट कक्षेत सोडतं. त्या कक्षेचं एक टोक पृथ्वीपासून जेमतेम दोनशे किलोमीटरवर, दुसरं सुमारे ३५,८०० किलोमीटरवर. रिकामा टप्पा तिथेच राहतो. दर फेरीला खालच्या टोकाशी तो विरळ हवेला घासतो आणि लांबचं टोक हळूहळू आत ओढलं जातं. काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, तो खाली येतो. कुठे, हे कुणाच्या हातात नसतं. अंदाज शेवटच्या तासापर्यंत सैल राहतो, कारण वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीवर बदलते आणि टप्पा गडगडत येतो. अंदाजात एका मिनिटाची चूक म्हणजे वाटेवर साडेचारशे किलोमीटर. म्हणून ‘अमुक गावावर पडेल’ असं आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. वाट आधी सांगता येते, वाटेवरचा थांबा नाही.

ती वाट इथे तपासून पाहता येते. शिचांगहून अशा मोहिमांची कक्षा विषुववृत्ताशी साधारण २७ ते २८.५ अंशांचा कल धरते. असा पदार्थ २१ अक्षांशावरून दक्षिणेकडे उतरत जाताना त्याची दिशा उत्तरेपासून १०७ ते ११० अंशांवर, म्हणजे पूर्वेच्या किंचित दक्षिणेला यायला हवी. आता नकाशा घ्या. ज्या भागांतून रेघ दिसली त्यांत मध्य प्रदेशातला बडवानी जिल्हा होता. बडवानी ते सिंदेवाही रेघ ओढली तर तिची दिशा येते सुमारे १११ अंश. बडवानीकरांना ती अगदी डोक्यावरूनच गेली असेल असं नाही, त्यामुळे दोन-चार अंशांची ढील ठेवावी; तरीही जुळणी चांगली आहे. हे अंतर सव्वापाचशे किलोमीटर; सेकंदाला साडेसात किलोमीटर या वेगानं सव्वा मिनिट.

दुसरी कसोटी दोन शहरांची. सिंदेवाहीहून हीच रेघ मागे नेली तर ती नागपूरच्या दक्षिणेकडून सुमारे ७० किलोमीटरवरून जाते आणि चंद्रपूर शहराच्या उत्तरेकडून, साधारण ४५ किलोमीटरवरून. म्हणजे नागपूरकराला उजेड दक्षिणेला दिसायला हवा आणि चंद्रपूरकराला उत्तरेला. उंची ६० ते ७५ किलोमीटर धरली तर नागपुरातून तो जास्तीत जास्त ४१ ते ४७ अंश वर, म्हणजे हिशेबानं व्याधाच्या अगदी शेजारून. एखादा नागपूरचा व्हिडिओ ‘उत्तरेकडचा’ म्हणून पुढे आला तर एक तर दिशा चुकली आहे, नाहीतर व्हिडिओ दुसऱ्याच गावाचा किंवा दुसऱ्याच दिवसाचा आहे. अशा वेळी जुने व्हिडिओ नव्या तारखेनं हमखास फिरतात. ही चाळणी त्यांनाही लागते.

आणि कडं. चँग झेंग ३बीच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर.

पडलेले तुकडे

टप्पा साधारण ८० किलोमीटरच्या आसपास फुटायला लागतो. ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे वितळून जातात. टिकतात ते जाड जोडकडी, इंजिनाचे भाग आणि दाबाखालचा वायू भरायचे गोळे, कारण ते मुळातच भक्कम असतात, त्यांत टायटॅनियम किंवा कार्बन धाग्याचं वेष्टण असतं. हलके आणि पसरट तुकडे हवेत लवकर थांबून आधी पडतात. घट्ट, जड तुकडे त्याच वाटेवर शेकडो किलोमीटर पुढे जातात. म्हणून कडं आणि पोकळ गोळा एका तालुक्यात सापडले तर शोध तिथेच गोल फिरवायचा नाही. तो वाटेच्या पट्ट्यात, पूर्व-आग्नेयेला पुढे न्यायचा.

उजेड तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरच विझतो. तिथून खाली तुकडा अंधारात, नुसत्या वजनानं पडतो. पाच किलोचा अर्ध्या मीटरच्या आतबाहेरचा पोकळ गोळा जमिनीजवळ ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर वेगानं येतो आणि या शेवटच्या उतरणीला सात-आठ मिनिटं लागतात. त्यामुळे ‘उजेड विझला आणि त्याच क्षणी धप्प झालं’ असं सांगणाऱ्या साक्षीदारानं बहुतेक दोन वेगळ्या आठवणी एकत्र जोडलेल्या असतात. मधला वेळ त्याच्याकडून पुन्हा काढावा. त्याच कारणानं तुकडा हाताला गरम लागलाच पाहिजे असं नाही, आणि गवत जळालेलं नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

गावात काय करायचं, याचा क्रम पक्का असावा. आधी माणसं लांब करायची. रॉकेटच्या टप्प्यांत दिशा सांभाळायच्या छोट्या इंजिनांसाठी हायड्राझिन वापरतात; ते विषारी आहे, आणि त्याचा अमोनियासारखा वास येईपर्यंत हवेतलं प्रमाण धोक्याच्या वर गेलेलं असतं. गोळा बंद असेल तर आत दाब उरला नसल्याची खात्री नसते. म्हणून त्यावर हातोडी किंवा कटर चालवायचा नाही. किरणोत्साराची शक्यता फार कमी, तरी मोजणी करून घ्यावी. १९७८ मध्ये सोव्हिएत कॉसमॉस ९५४ अणुभट्टीसकट कॅनडावर कोसळला होता. मग पोलीस पाटील, तलाठी, पोलीस ठाणे, पंचनामा. हलवण्याआधी चार बाजूंनी फोटो, प्रत्येकात मोजपट्टी. खड्ड्याची खोली, कोणत्या बाजूला माती उडाली ती दिशा, मोबाइलमधले अक्षांश-रेखांश. चुंबक लावून पाहावा: ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमला तो चिकटत नाही, शेतीच्या अवजाराला चिकटतो. हे साधं वाटतं, पण अशा बातमीनंतर आठवडाभर जुने पंप, बॉयलरची झाकणं आणि ट्रकचे भागही ‘आकाशातून पडलेले’ म्हणून ठाण्यात येतात. अस्सल तुकडा पोचायची दुसरी जागा म्हणजे भंगाराचं दुकान. तिथे एकदा त्याचे दोन भाग झाले की व्यास मोजायची संधीही जाते.

सिंदेवाहीत तुकडे पोलिसांच्या ताब्यात गेले आणि नंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहिले. पुढची वाट कायद्याची. १९६८ च्या करारानुसार, आपल्या हद्दीत अवकाशातली वस्तू सापडली तर ज्या देशानं ती सोडली त्याला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं असतं. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी सोडणाऱ्या देशावर येते. चूक सिद्ध करावी लागत नाही, पण वस्तू त्याचीच हे सिद्ध करावं लागतं. म्हणूनच पंचनाम्यातला व्यास, अनुक्रमांक असलेली एखादी पट्टी, जोडाची रचना यांना किंमत.

अहवालात निष्कर्ष लिहिताना दोन वाक्यं वेगळी ठेवावीत. ‘कक्षेतून आलेली मानवी वस्तू’ हे दृश्यांवरूनच पक्कं. ‘वाय७७ चा तिसरा टप्पा’ हे वाट, वेळ आणि व्यास या तीन स्वतंत्र गोष्टींवरून. दोन्ही एकाच वाक्यात कोंबली की पहिल्याचा भक्कमपणा दुसऱ्याला उसना मिळतो.

पुढच्याच महिन्यात, १२ मे २०२२ ला, गुजरातच्या आणंद जिल्ह्यात भालेज, खंभोळज आणि रामपुरा इथे काळे धातूचे गोळे पडले. संशय पुन्हा चँग झेंग ३बीवरच गेला. वेळ दुपारची, ऊन रखरखीत. तिथे रेघ कुणालाच दिसली नाही आणि तपास थेट पाच किलोच्या गोळ्यापासून, उलट्या टोकानं सुरू करावा लागला.